नर्सिंगची नोकरी न सोडता शिक्षकी पात्रता: कोर्सच्या आधी तास शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमध्ये लहान प्राण्यांच्या प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, तुम्ही पाच वर्षं नोंदणीकृत व्हेटरनरी नर्स आहात, दोन स्टुडंट नर्सेसच्या क्लिनिकल कोच (कामाच्या जागी त्यांना प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या) आहात आणि पुढे कॉलेजात शिकवायचं मनात आहे. नोकरी पूर्णवेळ, रोटावर (पाळ्यांच्या वेळापत्रकात) अधूनमधून रात्रपाळ्या. शिक्षकी पात्रतेचा नेमका कोणता कोर्स करावा आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागेल का?

नोकरी सोडू नका. सोडलीत तर अडचण वाढेल, कारण तुमच्या हाताखालचे विद्यार्थी ही या अभ्यासक्रमांसाठी तुमच्याकडची सगळ्यात मोठी शिदोरी आहे. ‘कोणता कोर्स’ हा प्रश्न मात्र दुसऱ्या क्रमांकाचा. आधी हे ठरायला हवं की शिकवायला वर्ग कुठून मिळणार आणि तुम्ही शिकवत असताना ते बघून शेरा द्यायला कोण येणार. बहुतेक नर्सेस उलट्या क्रमाने जातात. फी भरतात, पहिल्या दोन असाइनमेंट झोकात लिहितात आणि मग शिकवण्याचे तास भरेनात म्हणून वर्षभर अडकतात.

आता पायऱ्या. इथे तीन वेगळी कामं एकमेकांत मिसळली जातात. क्लिनिकल कोच म्हणून तुम्ही कॉलेजचं छोटं प्रशिक्षण घेतलं असेल आणि दरवर्षी स्टँडर्डायझेशनला, म्हणजे सगळ्यांचं मूल्यमापन सारखं राहावं म्हणून होणाऱ्या बैठकीला, बसत असाल. हे काम महत्त्वाचं आहे, पण ती राष्ट्रीय पातळीवरची पात्रता नव्हे आणि त्याच्या जोरावर शिक्षकी कोर्समध्ये सूट मिळेल असं धरून चालू नका. दुसरं काम असेसरचं, म्हणजे विद्यार्थ्याचं काम निकषांवर तपासून निर्णय देण्याचं. त्यासाठी लेव्हल 3 सर्टिफिकेट इन असेसिंग व्होकेशनल अचीव्हमेंट, म्हणजे ज्याला सगळे ‘कावा’ म्हणतात, ती पात्रता आहे. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ‘ए-वन’ किंवा ‘डी थर्टीटू-थर्टीथ्री’ ऐकू येईल. त्या याच कामाच्या आधीच्या पिढ्या. तिसरं काम शिकवण्याचं, आणि तुम्ही विचारताय ते हे.

शिकवण्याच्या वाटेवर पहिली पायरी लेव्हल 3 अवॉर्ड इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग, म्हणजे एईटी. 12 क्रेडिट, एकूण 120 तासांचा अभ्यास, त्यातले 48 तास ट्यूटरबरोबर. याला खरा वर्ग लागत नाही, फक्त मायक्रोटीच, म्हणजे बरोबरच्या प्रशिक्षणार्थींसमोर घेतलेलं छोटं सराव-सत्र, असतं. त्यानंतर लेव्हल 4 सर्टिफिकेट इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग: 36 क्रेडिट, प्रत्यक्ष शिकवण्याचे किमान 30 तास, आणि एकूण तीन तासांची किमान तीन ऑब्झर्वेशन्स (तुम्ही शिकवत असताना बघून शेरा देणं), त्यातलं कुठलंही अर्ध्या तासापेक्षा कमी नाही. वरची पायरी लेव्हल 5 ची. इथे 2024 पर्यंत डिप्लोमा इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग होता, 100 तास शिकवणं आणि आठ ऑब्झर्वेशन्सचा. त्याची जागा आता डिप्लोमा इन टीचिंग, फर्दर एज्युकेशन अँड स्किल्स (फर्दर एज्युकेशन म्हणजे शाळेनंतरचं, विद्यापीठाबाहेरचं कॉलेज-शिक्षण) या नव्या अभ्यासक्रमाने घेतली आहे आणि त्यात प्रात्यक्षिकाचे किमान 250 तास लागतात. इंटरनेटवरची बरीच माहिती अजून जुन्या 100 तासांचीच आहे, तेव्हा वाचताना तारीख बघा. विद्यापीठातून केलेली सर्ट एड किंवा पीजीसीई ही शिक्षकी पात्रता, फर्दर एज्युकेशनची, साधारण याच उंचीवर किंवा वर बसते. पीजीसीईला आधी पदवी लागते.

कायदा काय म्हणतो? इंग्लंडमधल्या फर्दर एज्युकेशन कॉलेजात शिकवायला ठरावीक शिक्षकी पात्रता असलीच पाहिजे ही सक्ती 2013 मध्ये उठली. आता ते कॉलेजच्या मर्जीवर आहे. व्यवहारात व्हेटरनरी नर्सिंगच्या जाहिरातीत बहुधा ‘शिक्षकी पात्रता असलेली, किंवा रुजू झाल्यावर मिळवण्याची तयारी असलेली’ असं लिहिलेलं असतं. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्या फायद्याचा आहे. लेव्हल 5 घेऊनच अर्ज करायचा, असा हट्ट धरण्याची गरज नाही. नर्सिंगचा भक्कम अनुभव आणि हातात एईटी, एवढ्यावर मुलाखतीला बोलावतात. आणि पुढची पायरी कॉलेजच्याच खर्चाने, कॉलेजच्याच वर्गावर होऊ शकते. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी, तिथे टीक्यूएफई ही स्वतंत्र पात्रता आहे. तिकडे जायचा विचार असेल तर हे पुढचं सगळं थोडं बाजूला ठेवून वाचा.

म्हणून तुमच्या परिस्थितीत मी हा क्रम सुचवेन: आता एईटी, त्याबरोबर किंवा लगेच नंतर कावा, मग तासिका तत्त्वावर कॉलेजात पाय रोवणं, आणि लेव्हल 5 तिथून. लेव्हल 4 मधे घ्यायचं की गाळायचं, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रॅक्टिसमध्येच राहून मोठ्या ग्रुपच्या ट्रेनिंग टीममध्ये जायचं असेल तर लेव्हल 4 पुरेसं आणि नेमकं आहे. कॉलेजात जायचं पक्कं असेल तर थेट लेव्हल 5 वर उडी घेतलेली बरी, कारण लेव्हल 4 ची सगळी मेहनत पुढे क्रेडिट म्हणून मोजली जाईलच असं नाही.

कावा मधे का, हे सांगतो. त्यात तीन युनिट आहेत, 3, 6 आणि 6 क्रेडिटची. त्यातलं मूल्यमापनाच्या तत्त्वांचं 3 क्रेडिटचं युनिट एईटीतल्या मूल्यमापनाच्या युनिटच्या जागी चालतं. म्हणजे दोन्हींपैकी जे आधी कराल त्याचा काही भाग दुसऱ्यात मोजून घेता येतो, फक्त एईटीला नाव घालतानाच ट्यूटरला सांगून त्या युनिटची निवड करून घ्यावी लागते. नंतर सांगितलंत तर बहुधा पुन्हा लिहावं लागतं. शिवाय कावाचा पुरावा तुमच्या रोजच्या कामातच पडलेला आहे: कामाच्या जागी मूल्यमापनाच्या युनिटसाठी साधारणपणे दोन विद्यार्थी, प्रत्येकाची दोन मूल्यमापनं लागतात. तुमच्याकडे नेमके दोन विद्यार्थी आहेत. त्यातला एक येत्या उन्हाळ्यात पास होऊन जाणार असेल तर आधी कावा उरका. विद्यार्थी गेल्यावर दुसरा मिळेपर्यंत फाइल उघडीच राहते. यात एक मेख अशी की कोच म्हणून स्किल्स लॉगवर (विद्यार्थ्याच्या कौशल्यांच्या नोंदवहीत) तुम्ही केलेली नोंद जशीच्या तशी असेसरचा पुरावा होत नाही. मूल्यमापनाची योजना, निर्णय आणि विद्यार्थ्याला दिलेला अभिप्राय, तिन्ही कागदावर वेगवेगळे दिसावे लागतात.

आता एईटीकडे. 120 तास बारा आठवड्यांत पसरले तर आठवड्याला दहा तास पडतात, त्यातले चारेक ट्यूटरबरोबरचे आणि सहा स्वतःचे. रात्रपाळीच्या आठवड्यात हे सहा होत नाहीत, हे आधीच मान्य करून टाका आणि त्या आठवड्याला शून्य धरून वेळापत्रक आखा. पाच दिवसांत किंवा दोन वीकएंडमध्ये एईटी असं सांगणाऱ्या संस्थांकडे वर्गाचे तास दाबून बसवलेले असतात, पण असाइनमेंट तेवढ्याच राहतात. तुमच्यासारख्या रोटावर असा दाबलेला कोर्स सोयीचा पडू शकतो, कारण दर मंगळवारी संध्याकाळी सहाला मोकळं होणं तुमच्या हातात नाही. पण त्यानंतरचे दोन महिने लिहिण्यासाठी मोकळे ठेवा.

नाव घालण्याआधी ती पात्रता ऑफक्वालच्या, म्हणजे पात्रतांच्या सरकारी नियामकाच्या, रजिस्टरवर आहे का, हे तिच्या क्रमांकाने शोधा आणि ती संस्था सिटी अँड गिल्ड्स, पिअर्सन, हायफील्ड यांसारख्या अवॉर्डिंग बॉडीचं, म्हणजे पात्रता देणाऱ्या संस्थेचं, मान्य केंद्र आहे का, ते विचारा. काही पौंडांत मिळणारी ‘टीचर ट्रेनिंग डिप्लोमा’ नावाची ऑनलाइन प्रमाणपत्रं बहुतेक वेळा सीपीडी (नोकरीत असतानाचं सततचं शिक्षण) म्हणून प्रमाणित असतात, नियंत्रित पात्रता नसतात. वाचायला बरी असतील, पण कॉलेजच्या एचआरमध्ये त्यांना किंमत नाही.

मायक्रोटीचवर जरा थांबतो, कारण नर्सेस इथे हमखास अडखळतात. नियम असा: प्रत्येकाने किमान 15 मिनिटांचं एक सत्र घ्यायचं, आणि एकूण एक तास पुरा करण्यासाठी बाकीची 45 मिनिटं एक तर आणखी शिकवायचं किंवा इतरांची सत्रं पाहायची. समोर बसलेले कोण? एक केशरचना शिकवणारी, एक प्रथमोपचार प्रशिक्षक, एक गॅस फिटर, एक योगशिक्षिका. नर्स मंडळी ‘भूल देतानाचं निरीक्षण’ हा विषय घेऊन उभी राहतात आणि 25 स्लाइड्सपैकी अकरावीवर वेळ संपते. विषय असा निवडा की ज्याला प्राणिवैद्यकातलं काहीच माहीत नाही त्याला 15 मिनिटांत एक गोष्ट स्वतः करून दाखवता येईल.

उदाहरणादाखल, सलाइनचे थेंब मोजणं. 10 किलोचा कुत्रा, वेग किलोमागे ताशी 2 मिली, म्हणजे ताशी 20 मिली. साध्या गिव्हिंग सेटचे (सलाइनच्या नळीचे) एका मिलीला 20 थेंब, म्हणजे ताशी 400 थेंब. तासाचे 3,600 सेकंद भागिले 400, म्हणजे दर 9 सेकंदांना एक थेंब. सगळं गणित चार ओळींत मावतं. रिकाम्या पिशवीत नळाचं पाणी भरून सेट लावून न्या. सुया आणि औषधं नेऊ नका. पहिली दोन मिनिटं हे का लागतं ते सांगा: पंप नसेल किंवा बिघडला तर डोळ्यांनी वेग लावावा लागतो, आणि वेग दुप्पट झाला तर छोट्या जिवाला ते झेपत नाही. चार मिनिटं दाखवा. सहा मिनिटं जोड्यांना वेगळं वजन देऊन थेंब लावायला सांगा. शेवटची तीन मिनिटं तपासणीची: त्याच 10 किलोच्या कुत्र्यासाठी सेट बदलून मिलीला 60 थेंबांचा झाला तर? उत्तर दर 3 सेकंदांना एक. हे प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहून वर धरायचं, म्हणजे कोणाला आलं आणि कोणाला नाही, हे तुम्हालाही दिसतं आणि ट्यूटरलाही. ‘सगळ्यांना समजलं ना?’ आणि मग माना डोलणं ही तपासणी नव्हे. ऑब्झर्वरच्या शेऱ्यात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच असते.

लेसन प्लॅनमध्ये उद्दिष्ट लिहिताना ‘विद्यार्थ्यांना फ्लुइड थेरपी समजेल’ असं लिहू नका. समजलं हे मोजणार कसं? ‘दिलेलं वजन आणि सेट यावरून दोन थेंबांमधलं अंतर सेकंदांत काढेल’ असं लिहिलं की तपासणी आपोआप त्यातून निघते. गणिताला घाबरणाऱ्यासाठी कॅल्क्युलेटर आणि अर्धवट भरलेला तक्ता, लवकर उरकणाऱ्यासाठी ताशी 35 मिलीचं कठीण उदाहरण, हेही प्लॅनमध्ये लिहून ठेवा. जाता जाता: त्या प्लॅनच्या वेळेच्या रकान्यात पहिल्या मिनिटाला ‘ओळख’ लिहून प्रत्यक्षात सहा मिनिटं गप्पा मारल्या तर बाकी सगळं कोसळतं. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने सराव करा.

असाइनमेंटमध्ये दुसरा सापळा आहे. नर्सिंग केअर प्लॅन लिहायची सवय असली की हात आपोआप तुटक, निर्वैयक्तिक भाषेत चालतो. इथे ‘मी हे का केलं आणि पुढच्या वेळी काय बदलेन’ असं लिहावं लागतं. शिवाय प्रश्नातलं क्रियापद नीट वाचा. लेव्हल 3 ला ‘स्पष्ट करा’ असेल तर स्पष्टीकरण पुरतं. लेव्हल 4 ला ‘विश्लेषण करा’ म्हटलं की दोन पद्धती शेजारी ठेवून कुठली कुठे कमी पडते, हे दाखवावं लागतं. लेव्हल 5 ला सिद्धांतच तपासावा लागतो. एक ठरलेली चूक: ‘विद्यार्थी दृश्य, श्राव्य आणि कृतीतून शिकणारे असे असतात’ असं लिहून त्यावर सगळा लेसन उभारणं. या वर्गवारीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुराव्याचा आधार नाही, आणि लेव्हल 5 चे परीक्षक ते खोडतात. पुनर्लेखनाला परत येणाऱ्या कामात मात्र बहुधा अकलेची नव्हे, मोजणीची चूक असते: निकषात भूमिका, जबाबदाऱ्या, मर्यादा आणि दुसऱ्याकडे पाठवण्याच्या जागा असे चार शब्द असतात, उत्तरात तीनच सापडतात. प्रत्येक निकष मथळा म्हणून लिहा आणि त्याखाली उत्तर द्या. वाचायला रटाळ, पण पास होतं.

प्रॅक्टिसमधल्या केसेस वापरताना मालक, प्राणी, सहकारी आणि विद्यार्थी, सगळ्यांची ओळख पुसा. प्राण्याचं नाव बदललं तरी दुर्मिळ जात, दुर्मिळ आजार आणि गावाचं नाव एकत्र आलं की ओळख पटतेच. स्वतःचं शिकवणं व्हिडिओवर घेणार असाल तर विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्या, आणि मागे एखाद्या पेशंटचा केनेल कार्ड दिसत नाही ना, हे कॅमेऱ्यातून आधी बघा.

आता तासांचा खरा हिशेब. लेव्हल 4 चे 30 तास आठवड्याला दोन या गतीने 15 आठवड्यांत होतात, म्हणजे एक सत्र आणि थोडं जास्त. नवीन लेसनच्या तयारीला शिकवण्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो, तेव्हा ते दोन तास प्रत्यक्षात सहा ते आठ धरा. लेव्हल 5 चे 250 तास शैक्षणिक वर्षाच्या साधारण 36 आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला सात तास लागतात. पूर्णवेळ नर्सला हे एका वर्षात झेपत नाही. दोन वर्षांत पसरलं तर साडेतीन तास, आणि तेवढं आठवड्याच्या एका दिवसात मावतं. म्हणून अर्धवेळ लेव्हल 5 सहसा दोन वर्षांचं असतं, आणि ते तुमच्यासाठी बरोबरच आहे.

तो एक दिवस काढायचा कसा? प्रॅक्टिसेसमध्ये दहा तासांच्या चार पाळ्यांचा आठवडा आता रुळला आहे. 40 तास तेच, पाचवा दिवस मोकळा. रोटा ठरवणाऱ्या हेड नर्सकडे ‘मला कोर्स करायचाय, काही जमेल का’ असं मोघम मागू नका. कॉलेजचा दिवस ठरवून, तोच वार, सत्राच्या तारखांसह लेखी मागा. 6 एप्रिल 2024 पासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे, 12 महिन्यांत दोनदा मागता येतं आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. मान्य करायलाच हवं असा नियम नाही, पण नाकारायला कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक द्यावं लागतं. प्रॅक्टिस 250 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ग्रुपच्या मालकीची असेल आणि तुमचे 26 आठवडे झाले असतील, तर प्रशिक्षणासाठी वेळ मागण्याचाही वेगळा हक्क आहे. हा अनेकांना माहीतच नसतो.

कुठले तास मोजले जातात, यावर संस्थांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. माझ्या अनुभवात गट असेल, ठरलेली उद्दिष्टं असतील, शिकल्याची तपासणी असेल तर ते सहसा चालतं. ग्रुपच्या तीन-चार शाखांतले स्टुडंट नर्सेस एकत्र आणून ऑस्कीची (प्रात्यक्षिक परीक्षेची) तयारी घेणं हा सगळ्यात चांगला मार्ग. सहा-आठ जणांचा गट, खरी गरज आणि दर आठवड्याला नवा विषय. एका विद्यार्थिनीला ऑपरेशन थिएटरमध्ये शेजारी उभं करून शिकवणं काही ठिकाणी मर्यादित प्रमाणात मोजतात, काही ठिकाणी अजिबात नाही. मालकांसाठीची पपी पार्टी, शाळेतलं करिअर व्याख्यान, औषध कंपनीच्या प्रतिनिधीने घेतलेलं आणि तुम्ही आयोजित केलेलं लंच-अँड-लर्न, हे धरू नका.

बाहेरचा वर्ग हवा असेल तर थेट व्हेटरनरी नर्सिंगच्या जागेची वाट बघत बसू नका. जवळच्या कॉलेजात लेव्हल 2 ॲनिमल केअर आणि लेव्हल 3 ॲनिमल मॅनेजमेंटचे वर्ग असतात, आणि आजारी रजा-प्रसूती रजांवर तासिका तत्त्वावरची माणसं त्यांना सतत लागतात. शरीररचना, पोषण, प्राण्यांचं आरोग्य हे मॉड्यूल तुम्ही सहज घेऊ शकता. त्या मुलांना सांभाळणं मात्र सोपं नाही. नोकरी करणाऱ्या विद्यार्थिनीपेक्षा 16 वर्षांच्या वर्गाला शिकवणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते आधीच कळलेलं बरं. डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची) आणि सेफगार्डिंगचं (मुलांच्या सुरक्षिततेचं) प्रशिक्षण रुजू होण्याआधी लागेल. तासाचा दर विचारताना त्यात तयारी, पेपर तपासणं आणि सुट्टीचा पगार धरलाय का, हे विचारा. दर मोठा दिसतो आणि तयारी धरली की निम्मा होतो. तुम्ही स्पॉन्सर्ड व्हिसावर असाल तर दुसरी नोकरी घेण्याआधी व्हिसाच्या अटी तपासा, आणि नर्सिंगच्या करारात दुसऱ्या कामाला परवानगी लागते का, तेही.

ऑब्झर्वेशन प्रॅक्टिसमध्येच करायचं ठरलं तर वेळ काळजीपूर्वक निवडा. सकाळी आठ ते दहा ऑपरेशनचे पेशंट दाखल होतात, तेव्हा तुम्हाला कोणी ना कोणी हाक मारणारच. दुपारची सर्जरी संपल्यावर, दार बंद होणाऱ्या खोलीत, आणि ‘या एक तासात मला बोलवायचं नाही’ हे रोटावर लिहून. जिवंत प्राणी वापरू नका. आयव्ही कॅथेटर शिकवायचं असेल तर मॉडेलचा पाय घ्या आणि चार टप्प्यांत शिकवा: आधी न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा; मग प्रत्येक कृती समजावत हळू करा; मग विद्यार्थी सांगेल तसं तुम्ही करा; शेवटी विद्यार्थी बोलत बोलत स्वतः करेल. तिसरा टप्पा जवळपास सगळे गाळतात, आणि गैरसमज नेमका तिथेच उघडा पडतो. वर्गात कोण बसलंय, याचंही भान ठेवा. व्हेटरनरी सर्जन्स ॲक्ट 1966 च्या शेड्यूल 3 प्रमाणे पेशंटवर असल्या कृती करण्याची मुभा देखरेखीखालच्या, रीतसर नाव नोंदवलेल्या स्टुडंट नर्सला आहे. केअर असिस्टंटला (नर्स नसलेल्या मदतनीसाला) नाही. मॉडेलवर दोघेही शिकू शकतात, पण हा फरक लेसनमध्ये स्पष्ट बोलून दाखवलात तर ऑब्झर्वरच्या नजरेत तुमचा विषयाचा अधिकार दिसतो.

मेंटर कोण, हा प्रश्न लेव्हल 5 ला निर्णायक ठरतो. प्रॅक्टिसमधला ज्येष्ठ व्हेट विषय जाणतो, पण शिकवण्याविषयी बोलू शकेलच असं नाही. कॉलेजच्या नर्सिंग विभागातली, शिक्षकी पात्रता असलेली नर्स मिळाली तर सोन्याहून पिवळं. तुमच्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजातून प्रॅक्टिसला भेट द्यायला जी व्यक्ती येते, तिलाच विचारा; ओळख आहेच, आणि जागा रिकामी होणार असेल तर पहिली खबर तिच्याकडूनच लागते.

पैशांबाबत: प्रॅक्टिस फी भरायला तयार असेल तर करारात परतफेडीचं कलम असतं. किती महिने थांबायचं, रक्कम महिन्यागणिक कमी होते की शेवटपर्यंत पूर्णच राहते, आणि प्रॅक्टिस विकली गेली तर काय, हे सहीआधी वाचा. वरच्या पायऱ्यांसाठी ॲडव्हान्स्ड लर्नर लोनचा पर्याय काही संस्थांकडे असतो. शिक्षक प्रशिक्षणाच्या सरकारी बर्सरी ठरावीक विषयांसाठी असतात. नर्सिंग त्यात धरून बजेट आखू नका.

लेव्हल 5 ला आणि त्यानंतरच्या क्यूटीएलएसला (कॉलेज-शिक्षकांच्या व्यावसायिक दर्जाला) गणित आणि इंग्रजी लेव्हल 2 चं लागतं. शालेय शिक्षण भारतात झालं असेल तर प्रमाणपत्रांची तुलना यूके एनिककडून करून घ्यावी लागते. ती संस्थेला पटली नाही तर फंक्शनल स्किल्स लेव्हल 2 ची परीक्षा देणं हा कमी वादाचा रस्ता. हे काम एईटीच्या काळातच उरका. लेव्हल 5 च्या प्रवेशाच्या आठवड्यात कागद शोधत बसण्यात सप्टेंबर निघून जातो आणि पुढची बॅच वर्षाने येते.

क्यूटीएलएसची घाई नको. ते सोसायटी फॉर एज्युकेशन अँड ट्रेनिंगकडून मिळतं, सभासदत्व चालू ठेवावं लागतं, आणि कॉलेजात नर्सिंग शिकवण्यासाठी ते अनिवार्य नाही. इंग्लंडमधल्या शाळेत शिकवण्याची शक्यता मोकळी ठेवायची असेल तर त्याचा उपयोग आहे. विद्यापीठातल्या बीएससीवर शिकवायचं असेल तर मात्र वाट वेगळी: तिथे अ‍ॅडव्हान्स एचईची असोसिएट फेलोशिप किंवा उच्च शिक्षणातला पीजी सर्टिफिकेट विचारतात, लेव्हल 5 नाही.

या सगळ्यात नोंदणी सांभाळा. आरसीव्हीएसचं (तुमची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचं) सीपीडी नर्सेससाठी कॅलेंडर वर्षाला 15 तास आहे. शिक्षकी कोर्सचे तास त्यात धरता येतात, त्यामुळे 15 तास सहज भरतात आणि तिथेच फसगत होते: दोन वर्षं सगळं सीपीडी अध्यापनाचं आणि क्लिनिकल काहीच नाही, असं प्रोफाइल कॉलेजच्या मुलाखतीत दुबळं दिसतं. निदान चार-पाच तास भूल, वेदना व्यवस्थापन किंवा तुमच्या आवडीच्या क्लिनिकल विषयाचे ठेवा. वनसीपीडीवर (आरसीव्हीएसच्या ऑनलाइन सीपीडी नोंदवहीत) आखणी, कृती, नोंद आणि चिंतन या क्रमाने लिहिलेली टिपणं थोडी वाढवली की शिक्षकी कोर्सच्या रिफ्लेक्टिव्ह जर्नलमध्ये बसतात. एकाच सत्रानंतर दोनदा लिहायची गरज नाही. त्याच संध्याकाळी, थकलेले असलात तरी, पाच ओळी लिहून टाका. आठवड्याने लिहिलेलं चिंतन परीक्षकाला लगेच ओळखू येतं.